बिनमाणसांच्या गाड्यांचा रस्ता

शनिवारी दुपारी दोन वाजता अलकाताई गाझियाबादच्या स्नेहवर्धिनी मंडळाच्या हॉलमध्ये चक्क पालथ्या पडल्या होत्या. हनुवटी कार्पेटला टेकलेली, डावा डोळा मिटलेला, ओढणी कमरेला घट्ट खोचलेली. साठी ओलांडलेल्या बाईनं या अवस्थेत कुणाच्या नजरेला पडू नये, हे त्यांनाही कळत होतं. पण वळणाची तपासणी उभ्यानं होत नाही, त्याला त्या तरी काय करणार?

दार उघडून त्यांची भाची तनया आत आली आणि तिच्या हातातला खोका धपकन खाली पडला.

"आत्या! काय झालं? पडलीस? चक्कर आली का?"

"गप्प बस आणि हलू नकोस," अलकाताई जमिनीवरूनच म्हणाल्या. "या वळणावर पुढची गाडी किती लांबून दिसते ते बघतेय मी."

तनयाचा जीव भांड्यात पडला. मग तिनं मान वर करून हॉल पाहिला. सोमवारपर्यंत जिथं घडीच्या खुर्च्या आणि गणपतीच्या मखराचे उरलेसुरले तुकडे पडलेले असायचे, तिथं भिंतीपासून भिंतीपर्यंत करडं कार्पेट अंथरलं होतं आणि त्यावरून एक रस्ता वळत वळत गेला होता. लांबलचक सरळ पट्टा, त्याच्या टोकाला मोठं वळण, मग एकामागोमाग एक तीन आखूड वळणं, मधे एक चढ. कडेला काळ्या पाइपची रेघ, आणि पाइपमागे पांढऱ्याशुभ्र अभ्र्यांतले लोड. मंडळाच्या गाण्याच्या बैठकीचे, चांगले साठेक लोड.

"आत्याऽऽ," तनया म्हणाली, "हे तू एकटीनं केलंस?"

"कार्पेट टेंटवाल्यानं अंथरलं. बाकी मी." अलकाताई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. चेहरा गंभीर ठेवायचा त्यांचा विचार होता, पण तो काही जमला नाही.

तनया नोएडातल्या एका ऑफिसात सोमवार ते शुक्रवार कॉम्प्युटरसमोर बसायची आणि शनिवार-रविवारसाठी जगायची. तिच्या क्लबात रिमोटवरच्या गाड्यांच्या शर्यती चालत. खेळण्यांच्या दुकानातल्या गाड्या नव्हेत या. हातभर लांब, दोन किलो वजनाच्या, आणि बॅटरी ताजी असेल तर ताशी पन्नासच्या वेगानं सुटणाऱ्या. उन्हाळाभर एका मोकळ्या पार्किंगमध्ये त्यांचं छान चालायचं. पण दिवाळीच्या आगेमागे हवा बिघडली की बाहेर उभं राहून दोन तास श्वास घ्यायचा म्हणजे घरचे लोक दारातच अडवतात. म्हणून यंदा छपराखाली यायचं ठरलं, आणि तनयानं मंडळाचा हॉल मागून घेतला.

ऑक्टोबरातली पहिली शर्यत त्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आडव्या पाडून घेतली होती. खुर्च्यांचं कुंपण! दुसऱ्याच फेरीत एक गाडी दोन पायांच्या मधून सुळकन निसटली आणि मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब यांच्या नडगीवर जाऊन बसली. अण्णासाहेब केंद्र सरकारच्या नोकरीत चाळीस वर्षं घालवलेले गृहस्थ. ओरडले नाहीत. दिवाळीचे चारही दिवस लंगडले, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तनयाला फोन केला. येत्या रविवारी मी स्वतः येऊन बघणार, ते म्हणाले, एक गाडी जरी कुंपण ओलांडून माणसांत आली तरी हॉल कायमचा बंद. नाही आली तर फेब्रुवारीपर्यंत सगळे रविवार तुमचे.

तनया धावत आत्याकडे आली, कारण आत्यानं रस्त्यांच्या सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं एकच गोष्ट काढली होती: कठडे. महामार्गाच्या कडेला लोखंडी पत्र्याचे जे कठडे दिसतात, त्यांची ड्रॉइंग्ज. घाटातले, पुलावरचे, शाळेजवळचे. कुठल्या कोनातून किती वजनाचा ट्रक आला तर पत्रा किती वाकेल, खांब किती झुकेल, हे सगळं अलकाताईंच्या बोटांवर. पण त्यांच्या कठड्यावर एखादी गाडी आदळून पुढं काय झालं, हे त्यांना कधीच कुणी कळवलं नव्हतं. कचेरीत फायली परत येतात, ट्रक येत नाहीत. जुलैत त्या निवृत्त झाल्या. तेव्हापासून त्यांचं स्वयंपाकघर तीनदा लावून झालं होतं आणि त्या ते चौथ्यांदा लावायच्या बेतात होत्या.

अशा बाईसमोर कुणी येऊन म्हणालं, की आत्या, कठडे करून देशील का? मग काय होणार! सोमवारी सकाळी आठ वाजता अलकाताईंनी हॉलच्या किल्ल्या ताब्यात घेतल्या. दिल्लीच्या चावडी बाजारात जाऊन तारा घालायचा काळा, नालीदार, पोकळ पाइप गुंडाळ्यांनी आणला. पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूब मागून आणल्या, त्यांच्या पट्ट्या कापल्या, आणि त्या पट्ट्यांनी पाइप कार्पेटखालच्या प्लायवूडला बांधला. फरशीला भोक पाडायला मंडळाची सक्त मनाई होती ना. तनयानं फोनवर विचारलं होतं, पाइपमध्ये वाळू भरू का, पक्का होईल. त्यावर अलकाताई इतक्या भडकल्या की फोन कानापासून लांब धरावा लागला. पक्का कशाला? पक्की वस्तू गाडीला परत रस्त्यात फेकते आणि मागून येणारा तिच्यावर चढतो. धडकणाऱ्याला थोडी जागा द्यायची असते, त्याची चूक रस्त्यानं पोटात घालायची असते.

त्यांना हा रस्ता पास व्हायला हवा होता. तनयासाठी हवा होता हे तर खरंच, पण आपण खरं ते सांगावं: त्याहून जास्त स्वतःसाठी हवा होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं ड्रॉइंग कागदावरून उतरून त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं होतं, आणि त्यावर गाड्या धावणार होत्या. या विचारानं चार दिवस त्यांना धड जेवण गेलं नव्हतं.

एक चूक मात्र त्यांच्या हातून होऊन बसली होती आणि ती त्यांच्या जुन्या सवयीनं झाली होती. अर्धवट ड्रॉइंग टेबलाबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा कचेरीतला बाणा. सगळं तपासून, सही होऊनच दाखवायचं. त्यामुळं आठवडाभर तनयानं "एकदा बघू तरी दे ना" म्हणून कितीही विनवण्या केल्या तरी त्यांनी तिला हॉलमध्ये पाऊल टाकू दिलं नाही.

तीन वाजता क्लबातली मंडळी आली. सगळ्यांत पुढं पुष्कर. नोएडाच्या सेक्टर बासष्टमधल्या बँकेत नोकरी, दिल्लीतच जन्मलेला, क्लबातला सगळ्यांत वेगवान हात. त्यानं दारातूनच शिट्टी मारली.

"आत्या, ये तो कमाल है! आणि हे गोल तकिये कुठून आणले?"

"लोड म्हणतात त्याला, गधड्या," तनया म्हणाली.

सहा गाड्या सुरुवातीच्या रेषेवर लागल्या. चालवणारे सहाजण भिंतीकडेच्या पट्ट्यात उभे राहिले, कारण अलकाताईंनी त्यांच्यासाठी तीच जागा आखली होती. स्टेजवर प्रेक्षकांच्या खुर्च्या होत्या. तनयाच्या कपाळावर एक बारीकशी आठी पडली, पण आत्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून ती काही बोलली नाही. शिट्टी झाली. गाड्यांनी असा काही सूर धरला की अलकाताईंच्या अंगावर काटाच आला. सरळ पट्ट्यावरून सहाच्या सहा गाड्या सूंऽऽ करत गेल्या, मोठ्या वळणाला लागल्या, आणि दिसेनाशा झाल्या.

"माझी गाडी कुठंय?" एकजण ओरडला.

"माझी पण गायब! यार, काहीच दिसत नाहीये!"

दिसणार कसं? मधल्या प्रत्येक वळणावर अलकाताईंनी लोडांची दुहेरी रांग रचली होती, एकावर एक, गुडघ्याच्या वर जाईल इतकी. त्यामागे गाड्या एकमेकींवर आदळल्याचे आवाज तेवढे आले. मग सगळेजण आपापली गाडी शोधायला लोडांवरून उड्या मारत आत घुसले, एकाचा पाय दुसऱ्याच्या गाडीवर पडला आणि अँटेना मोडली. दोन फेऱ्याही झाल्या नव्हत्या.

पुष्कर तिसऱ्या वळणावर वाकला आणि त्यानं काहीतरी उचललं. पुठ्ठ्याचा बोटभर उंचीचा फलक होता तो. पिवळ्यावर काळा बाण, खाली काडेपेटीच्या काडीचा खांब. पुढं तीव्र वळण आहे, असं सांगणारा. अलकाताईंनी असे बावीस फलक केले होते, सगळे गाडीच्या तोंडासमोर येतील असे लावले होते.

"आत्या, हे कशासाठी?"

"ड्रायव्हरसाठी," अलकाताई म्हणाल्या. "वळण आधी कळायला नको?"

पुष्करनं फलकाकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. बिचाऱ्याला खरंच वाईट वाटत होतं. "पण ड्रायव्हर तर मी आहे, आत्या. मी इकडं उभा आहे. गाडीत कोणी नसतं."

मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळा हॉल हसत सुटला. अलकाताईंचे कान तापले. तेहतीस वर्षं गाडीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी रस्ता पाहिला होता त्यांनी, आणि आता हनुवटी घासत, पालथं पडून, गाडीत नसलेल्याच माणसाच्या डोळ्यांनी चार दिवस घालवले होते! जमीन दुभंगावी असं वाटतं ते यालाच.

"आम्ही वर उभे राहतो, आत्या," तनया हळूच म्हणाली. "स्टेजवर. वरून अख्खा रस्ता दिसला पाहिजे. मी सांगायला हवं होतं गं. मला वाटलं तुला माहितीये."

अलकाताई स्टेजच्या पायऱ्या चढल्या. खुर्च्या बाजूला सारून कडेशी उभ्या राहिल्या आणि खाली पाहिलं. लोडच लोड. रस्ता कुठं दिसतच नव्हता. उद्या अकरा वाजता अण्णासाहेब येणार होते.

पण माणूस एकाच गोष्टीत तेहतीस वर्षं घालवतो ती काही फुकट जात नाहीत. खाली बघता बघता त्यांच्या डोक्यात पुष्करचं वाक्य फिरत राहिलं. गाडीत कोणी नसतं. म्हणजे वाचवायचं कुणाला? महामार्गावर सगळी धडपड असते ती आतल्या माणसासाठी. इथं आत रिकामं. माणसं आहेत ती सगळी बाहेर.

"तनया," त्या वळून म्हणाल्या, "गाडी उलटली की ती सरळ कोण करतं?"

"मार्शल. म्हणजे आमच्यातलेच. ज्याची रेस झाली, त्यानं पुढच्या रेसला कोपऱ्यावर उभं राहायचं, गाड्या सरळ करायच्या. रूल आहे आमचा. कितीही मोठा चॅम्पियन असला तरी त्याला सुटका नाही."

"आणि ते कुठं उभे राहतात?"

"जिथं गाड्या उलटतात तिथं."

"म्हणजे नेमकं जिथं गाडी येऊन आदळणार तिथं!" अलकाताई ओरडल्याच. "अगं, मग या रस्त्यावर पादचारी आहे की! मला कुणी सांगितलंच नाही!"

त्यांच्या आवाजातला बदल सगळ्यांनी ऐकला. अलकाताई पायऱ्या उतरल्या त्या जवळजवळ उडी मारूनच, आणि पुढचे चार तास त्यांनी दहा जणांना नुसतं पळवलं. मधल्या वळणांवरचे सगळे लोड उचला. तिथं फक्त पाइप, घोट्याच्या खाली राहील असा. गाडी घसरली तर पाइप तिला कडेकडेनं वळवेल आणि वरून सगळं दिसेल. मार्शल उभा राहणार त्या सहा जागा खडूनं आखा. आता लोड तिथं. पाइपच्या मागं एक वीत जागा मोकळी, मग लोड, मग माणूस. पाइपवरून उडालेली गाडी त्या मोकळ्या जागेत पडली पाहिजे. आणि लोडांच्या रांगेत तिरकी फट ठेवा, म्हणजे मार्शलला आत जाता येईल, पण गाडीला त्या फटीतून सरळ बाहेर येता येणार नाही.

"आत्या, ट्यूबच्या पट्ट्या ढिल्या नकोत का करायला?" पुष्करनं विचारलं. तो आता त्यांच्या मागं मागं फिरत होता.

"अरे वा! करायच्या. सरळ पट्ट्याच्या टोकाला आणखी ढिल्या. तिथं वेग जास्त."

"बिल्कुल!"

हॉलचा केअरटेकर दोनदा येऊन "मॅडम, ताला लगाना है" म्हणून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा अलकाताईंनी त्याच्याच हातात लोड दिला. तोही कामाला लागला.

रविवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना अण्णासाहेब आले. गळ्यात मफलर, तोंडाला मास्क, सोबत समितीतले दोघं. त्यांनी हॉलवरून एक नजर फिरवली. बैठकीचे लोड जमिनीवर ओळीनं बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. मग ते स्टेजवरून भिंतीकडेला हलवलेल्या प्रेक्षकांच्या खुर्च्यांत, पहिल्या ओळीत बसले आणि समोर दुसरी खुर्ची ओढून दोन्ही पाय तिच्यावर ठेवले. रुसलेल्या व्याह्यासारखे बसलेत, असं तनया आत्याच्या कानात पुटपुटली. अलकाताईंनी तिला चिमटा काढला.

पहिल्या शर्यतीत सहा गाड्या सुटल्या आणि हॉलमध्ये एकच कल्ला उठला. वरून रस्ता स्वच्छ दिसत होता. गाड्या वळणाला लागल्या की पाइपला घासत, थोड्या लचकत, पुन्हा वाटेवर येत. चौथ्या फेरीत चढावरून पुष्करची गाडी अशी उडाली की सगळ्यांनी "अरे अरे अरे" केलं. पाइप ओलांडून ती मागच्या मोकळ्या जागेत पडली, लोडाला धप्पकन लागली आणि तिथंच चाकं वर करून पडली. मार्शल फटीतून आत वाकला, त्यानं गाडी सरळ केली, गाडी गेली.

अण्णासाहेब उठून तिथं गेले. लोडावर काळा ओरखडा पडला होता. तो लोड त्यांनी बुटाच्या टोकानं दाबून पाहिला, काहीच न बोलता परत येऊन बसले. पाय मात्र या वेळी खाली ठेवले.

दुसरी शर्यत पार पडली. तिसरीला एकजण कमी पडला, तसा तनयानं आत्याच्या हातात रिमोट कोंबला. "नाही नाही" म्हणत अलकाताई स्टेजवर चढल्या आणि मग त्यांनी जे काही केलं त्याला चालवणं म्हणावं का, हा प्रश्नच आहे. त्यांची गाडी शेवटपर्यंत डावी बाजू सोडायला तयार नव्हती. मागून येणाऱ्या प्रत्येकाला त्या थांबून वाट देत होत्या. इतरांच्या आठ फेऱ्या झाल्या तेव्हा त्यांच्या तीन झाल्या होत्या, आणि त्या तीन फेऱ्यांत त्या सबंध वर्षात हसल्या नसतील इतक्या हसल्या.

"शेवटून पहिली!" तनयानं ओरडून सांगितलं. "चल, आता तुझी ड्यूटी. रूल इज रूल."

भगवं जाकीट घालून अलकाताई मार्शल झाल्या. जागा त्यांनी स्वतःच निवडली: सरळ पट्ट्याच्या टोकाचं मोठं वळण. सगळ्यांत वेगानं गाड्या येतात ते.

तेवढ्यात अण्णासाहेब खुर्चीवरून उठले. "थांबा. हे सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "पण ही तुमची तयार माणसं. रोज चालवणारी. उद्या मंडळातल्या कुणाच्या हातात हे यंत्र दिलंत आणि त्याला काही येत नसलं, मग? मला त्याची खात्री पाहिजे."

मुद्दा बरोबर होता. तनयाचा चेहरा उतरला.

"मग तुम्हीच चालवा ना, अण्णासाहेब," अलकाताई हॉलच्या टोकावरून म्हणाल्या. "तुमच्याइतकं न येणारं दुसरं कोण आहे इथं?"

समितीतले दोघं खोकल्याचं निमित्त करून हसले. अण्णासाहेबांनी मफलर सारखा केला. त्यांना चालवायचंच होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर आता इतकं उघड दिसत होतं की अलकाताईंना पहिल्या शर्यतीपासूनच्या त्यांच्या गप्प बसण्याचा उलगडा झाला. ते स्टेजवर चढले. पुष्करनं आपली काळी गाडी रेषेवर ठेवली, रिमोट त्यांच्या हातात दिला, हा घोडा दाबला की पळते आणि हे चाक फिरवलं की वळते, एवढंच सांगितलं. "हळू दाबा हं, अण्णासाहेब. हळू."

अण्णासाहेबांनी घोडा पूर्ण दाबला.

गाडी सुटली. सरळ पट्ट्यावरून ती अलकाताईंच्या दिशेनं आली, आणि वळायची वेळ झाली, टळून गेली, तरी ती वळली नाही. अलकाताईंना पळावंसं वाटलं. पाय खरोखर मागं यायला निघाले. लोडांमागं कितीही सुरक्षित असलो, तरी दोन किलोचं काहीतरी थेट अंगावर येतं तेव्हा अंगाला ते कळत नाही. पण त्यांनी पाय रोवले आणि डोळे उघडे ठेवले. हे बघायचं होतं त्यांना. तेहतीस वर्षांपासून बघायचं होतं.

थड्! पाइप मागं गेला. ट्यूबच्या पट्ट्या ताणल्या, पाइप विताएवढा वाकून लोडाला टेकला, लोड किंचित दबला, आणि मग तो अख्खा वाक गाडीला कुशीत घेतल्यासारखा हळूच पुढं सरकला. गाडी थांबली नाही, उलटली नाही, परत रस्त्याच्या मधे फेकली गेली नाही. पाइपच्या कडेकडेनं घसरत वळली आणि पुढच्या वळणाला लागली. पाइप जागेवर आला. अलकाताईंच्या पायांना लोडातून नुसती थरथर जाणवली.

त्यांनी श्वास सोडला. डोळ्यांत पाणी का आलं, हे त्यांना नीट कळलं होतं आणि त्याची त्यांना अजिबात लाज वाटली नाही.

स्टेजवरून मात्र कुणी ओरडलं नाही. काळी गाडी, काळा पाइप, हॉलचं दूरचं टोक. तिथून बघणाऱ्याला वाटलं, गाडी मोठं वळण घेऊन बाहेरच्या कडेनं गेली. अण्णासाहेबांनाही तसंच वाटलं. दुसऱ्या फेरीला त्यांनी घोडा पुन्हा पूर्ण दाबला. थड्! पुन्हा तीच जागा, पुन्हा तोच वाक, पुन्हा गाडी वळून पुढं. तिसरी फेरी. चौथी. त्या गृहस्थानं या वळणावर एकदाही चाक फिरवलं नाही आणि दरवेळी कठड्यानं त्याची गाडी वळवून दिली. पाचव्या फेरीला पुष्करला संशय आला. त्यानं वाकून टोकाकडं पाहिलं आणि त्याचा आ वासला. अलकाताईंनी हळूच ओठांवर बोट ठेवलं.

"काय सुंदर वळते हो ही गाडी!" अण्णासाहेब रिमोट उंचावून म्हणाले. मास्क हनुवटीखाली आला होता, मफलर स्टेजवर पडला होता. "तनया, अवघड म्हणता ते एवढंच? पाच फेऱ्या! एकदाही थांबली नाही!"

तनया त्यांच्याकडं बघत होती, पण तिला मोठ्यानं विचारायचा धीर होत नव्हता. "मग अण्णासाहेब... रविवारचं?"

"रविवारचं काय? रविवार तुमचे. फेब्रुवारीपर्यंत. पुढच्या शर्यतीत माझं नाव घाला म्हणजे झालं."

त्यानंतर जो आरडाओरडा झाला त्यात कोण काय म्हणालं ते सांगणं कठीण आहे. तनया स्टेजवरून उडी मारून पळत आली आणि लोडांसकट आत्याला मिठी मारली. "आत्या, झालं! आपण पास! पास!" अलकाताई नुसती तिची पाठ थोपटत राहिल्या.

"एक मिनिट, अण्णासाहेब," पुष्कर म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "रेस झाली तुमची. आता मार्शल."

"म्हणजे?"

"जो चालवतो तो पुढच्या रेसला कोपऱ्यावर उभा राहतो. रूल आहे."

अण्णासाहेब जरासे थबकले. मग चाळीस वर्षं नियम पाळलेल्या माणसाला नियमापुढं जे करता येतं ते त्यांनी केलं: पायऱ्या उतरून हॉलच्या टोकाला आले आणि हात पुढं केला. अलकाताईंनी जाकीट काढून त्यांना घालायला मदत केली.

"कुठं उभं राहायचं?"

"इथंच. माझ्या जागेवर."

ते लोडांमागं उभे राहिले. समोरून सरळ पट्टा थेट त्यांच्या पायांकडं येत होता. रेषेवर सहा गाड्या लागत होत्या, त्यांत पहिली पुष्करची. अण्णासाहेबांनी त्या गाड्यांकडं पाहिलं, मग वाकून लोडावरचे काळे ओरखडे पाहिले. पाच ओरखडे, एकावर एक.

"अलकाताई," ते आवाज खाली आणून म्हणाले, "मी इथं धडकलो तर नव्हतो ना?"

"छे हो," अलकाताई म्हणाल्या. "एकदाही नाही."

शिट्टी वाजायच्या आत त्यांनी पायानं पाइप पुन्हा रेषेत सरकवला आणि अण्णासाहेबांच्या शेजारीच उभ्या राहिल्या.